हत्तीहौदवाले तात्या

दिनकरतात्यांच्या घरात पंखा नव्हता. परवडत नव्हता म्हणून नव्हे. फ्रिज होता, मिक्सर होता, न्हाणीत गिझर होता, आणि यातली एकूण एक वस्तू माझ्या शाहूपुरीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून गेलेली होती. पुढच्या सोप्याच्या छताला पंख्यासाठी हूकसुद्धा होता. त्या हुकाला तात्यांनी लसणाच्या जुड्या टांगल्या होत्या.

कारण राजकीय होतं. शहरातल्या विरोधी आघाडीचं निवडणूक चिन्ह पंखा होतं. तात्यांची आघाडी छत्रीची. त्यामुळं तात्यांच्या हातात बारा महिने छत्री असे. लग्नाच्या मांडवात, मटणाच्या रांगेत, दिवाळीच्या पहाटे दुधाला जातानासुद्धा. आणि घरी आलेला पाहुणा मे महिन्याच्या दुपारी घामानं निथळत छताकडं बघू लागला की तात्या हातात वर्तमानपत्राची घडी देत.

"हालवा. व्यायाम हुतोय. म्या उभा जन्म शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं काढलाय, मला कधी पंखा लागला न्हाय. पंखा म्हंजे आळशी माणसाचं काम. लिवून घ्या, पावणं!"

हे 'लिवून घ्या' त्यांचं पालुपद. कुणी लिहायचं, कशावर लिहायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. भाजी महाग झाली तरी लिवून घ्या, गल्लीतल्या कुणाचं लग्न मोडलं तरी लिवून घ्या. माझं घर त्यांच्या समोर, त्यामुळं सकाळी दात घासतानाच माझं पहिलं लिहून घेणं सुरू व्हायचं.

तात्यांनी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ शंकर त्यांच्याच फौंड्रीत कामाला होता. तो अपघातात गेला तेव्हा त्याचा विजय अजून नीट बोलतही नव्हता. तात्यांनी भावजयीला आणि पोराला सांभाळलं. पुढं भावजयही गेली, विजयचं लग्न झालं, रेखा घरात आली. विजय त्यांना तात्याच म्हणायचा, पण शाळेच्या दाखल्यापासून पोलीस चौकीपर्यंत बाप म्हणून जायचे ते तेच. पोरगं हुशार निघालं. माणसं जोडणारं होतं. छत्रीवाल्यांनी त्याला महापालिकेचं तिकीट दिलं, त्या दिवशी तात्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि मला म्हणाले, "शेठ, नगरसेवकाच्या समोर घर हाय तुमचं. आता तरी कचरा दारात टाकू नका."

आता हौदाबद्दल सांगायला हवं.

आमच्या गल्लीच्या मागं काळ्या दगडाचा एक जुना हौद आहे. एका बाजूनं पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूनं रुंद दगडी उतार. संस्थानच्या काळात हत्ती आंघोळीला या उतारावरून आत उतरत, असं म्हणतात. म्हणून हत्तीहौद. आम्ही लहान असताना त्यात पाणी होतं. गल्लीतली पोरं पाठीला पत्र्याचा डबा बांधून तिथंच पोहायला शिकली. नंतर झरे आटले, मग वरच्या इमारतींचं सांडपाणी आलं, मग कचरा आला. नाक धरल्याशिवाय तिकडून जाता येईना.

तात्या मात्र रोज संध्याकाळी हौदाच्या काठावर छत्री टेकून बसत, आणि कुणी नवखा दिसला की त्याला इतिहास सांगत. हा इतिहास दर आठवड्याला वाढायचा. सुरुवातीला हत्ती दोन होते. गणपतीपर्यंत ते पाच झाले. एका हत्तिणीचं नाव कधी लक्ष्मी असे, कधी चंपा. एकदा तर ती कुस्तीचं मैदान बघायला जात असे, असंही मी ऐकलं.

"तात्या, हत्तीण कुस्ती बघायला?"

"मग? कोल्हापूरची हत्तीण ती. काय भजनाला जाईल व्हय?"

निवडणुकीची पहिली कोपरा सभा आमच्याच चौकात झाली. तात्या पहिल्या रांगेत, छत्री गुडघ्यांत उभी धरून. विजय छान बोलत होता. गटारी, दिवे, पाण्याची वेळ. मग म्हणाला, "आणि आपला सगळ्यांत मोठा प्रश्न, तो हौद. त्याच्या डासांनी आपल्या गल्लीत घरटी एक माणूस तापानं पडलंय. मी शब्द देतो, निवडून आलो की तो बुजवून तिथं वाहनतळ करू, वर गाळे काढू. आणि गाळे पहिल्यांदा आपल्या गल्लीतल्या बायका-पोरांना!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझी गाडी रोज दीड गल्ली लांब लावावी लागते.

तात्या उठून उभे राहिले. "विजय, हौद बुजवायचा न्हाय."

लोकांना वाटलं, काहीतरी गंमत आहे. विजय हसला. "तात्या, घरी बोलू."

"घरी न्हाय. हितंच बोल. संस्थानच्या वेळचा हौद हाय त्यो. हत्ती..."

"किती हत्ती, तात्या?" माईकवरच विजय म्हणाला. "परवा पाच होते, काल सात झालते. आणि लक्ष्मी का चंपा, ते एकदा ठरवा की!"

सगळा चौक हसला. असं हसू फुटलं की थांबेना. तात्यांच्या मानेवर घामाचे थेंब आले. हसू जरा ओसरल्यावर ते म्हणाले, "हत्ती खोटं असतील. दगड खोटं हायत काय?" आणि खुर्ची ओलांडून निघून गेले. विजयचा चेहरा पडला होता. त्याला तसं बोलायचं नसणार. पण माईक हातात असला की माणूस बोलून जातो.

नंतरचे दोन-तीन दिवस तात्या आघाडीच्या नेत्यांच्या दारात जाऊन बसले. ते म्हणाले, तात्या, तुम्ही ज्येष्ठ आहात, चहा घ्या. हौदाचं कुणी काही बोलेना. घरी विजयनं समजूत घातली. ती मी समोरून ऐकली, कारण आमच्या गल्लीत कुणाचंच भांडण हळू होत नाही.

"तात्या, रेखाला शिवणकामाला जागा नाही. पोरांना धंद्याला जागा नाही. त्या घाणीचं काय करायचं आपण?"

"साफ कर की! बुजवायला पैसा हाय, काढायला न्हाय?"

"मी त्यात पोहायला शिकलोय, मला काय प्रेम नाही काय? पण म्हणून जन्मभर डास पाळायचे?"

विजयचं चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून मी उदबत्ती लावत होतो, तर तात्या दारात उभे.

"पंखा दे."

मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. "कसला पंखा?"

"छताचा. तीन पात्यांचा. जरा आवाज करणारा बघ. गल्लीला कळाय पायजे."

मी स्वतः जाऊन तो बसवला. तात्यांनी लसणाच्या जुड्या काढून रेखाच्या हातात दिल्या. रेखा त्या घेऊन आत गेली. बटण दाबल्यावर पंखा फिरू लागला, आणि तात्या त्याच्या खाली खुर्ची ओढून असे बसले, जसं काही न्हाव्यापुढं बसलेत. वाऱ्यानं त्यांना शिंका आल्या.

त्याच संध्याकाळी ते पंख्याच्या उमेदवार शुभांगी मॅडमकडं गेले. मॅडम शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. हौद राखू, साफ करू, असं त्या पहिल्यापासून म्हणत होत्या, पण त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. मी सोबत होतो. त्यांनी तात्यांना दोनदा विचारलं, "तात्या, पुतण्याविरुद्ध उभं राहाल?"

"त्येच्या इरुद्ध न्हाय, मॅडम. हौदाच्या बाजूनं."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. त्यांना हा फरक पटला की नाही, सांगता येणार नाही. बाहेर कुणालाच पटला नाही.

तात्या दारोदार फिरू लागले. पंचाईत एवढीच, की हातातली छत्री सुटेना. "पंख्यालाच मत द्या" असं म्हणत ते छत्रीचं टोक रोखायचे. लोक गोंधळायचे. एका आजीनं मान डोलावून सांगितलं, "व्हय व्हय, छत्रीच की, आमचं ठरलंय." शेवटी पंख्याच्या कार्यकर्त्यांनी हात जोडून छत्री काढून घेतली. मग तात्या रिकाम्या हातानं, उघड्या डोक्यानं उन्हात फिरले. रिकाम्या हाताचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. कधी पाठीमागं धरत, कधी खिशात घालत.

घर एकच होतं. सोप्यात विजयचे कार्यकर्ते, बाहेरच्या कट्ट्यावर तात्या. रेखा दोन्हीकडं चहा नेऊन द्यायची. तात्यांचं ताट ती कट्ट्यावर ठेवायची आणि फक्त "जेवा" म्हणायची. विजय जाता-येता त्यांच्याकडं बघत नसे. छत्रीवाल्यांनी गल्लीत एक आरोळी काढली होती, 'घरभेदी कोण?' पोरं ती तात्या दिसले की द्यायची. विजयनं एकदा एका पोराच्या मुस्काटात मारलेली मी पाहिली. तात्यांनी पाहिली की नाही, कुणास ठाऊक.

विजय पडला. थोडक्यात पडला, चार घरं इकडची तिकडं झाली असती तर आला असता.

पंख्याची मिरवणूक हलगी वाजवत गल्लीत शिरली. त्यांनी तात्यांना खांद्यावर घेतलं, तोंडाला गुलाल फासला. तात्यांच्या घराचं दार बंद होतं. मिरवणूक मुद्दाम तिथंच थांबली, हलगी आणखी जोरात वाजू लागली. तात्या वरून ओरडत होते, "खाली सोडा! अरं सोडा मला खाली!" लोकांना वाटलं, आनंदानं ओरडताहेत. शेवटी उतरले ते जवळजवळ पडलेच. गुलालाचं तोंड घेऊन ते स्वतःच्या घराची कडी वाजवायला धजेनात. आमच्याकडं आले. माझ्या बायकोनं पाणी दिलं. मोरीत उभं राहून ते किती तरी वेळ तोंड धूत होते, आणि गुलाल जातच नव्हता.

पावसाळ्याच्या आधी विजयनं कसबा बावड्यात नवीन वसाहतीत फ्लॅट घेतला. भांडण झालं नाही. टेम्पो आला, सामान चढलं. विजयनं वाकून तात्यांच्या पायांना हात लावला, तात्यांनी "गाडी सावकाश न्या" एवढंच म्हटलं, तेही टेम्पोवाल्याला.

शुभांगी मॅडमनी शब्द पाळला. हौद उपसला, कचरा निघाला, दगड धुतले गेले. आता तिथं लोखंडी कठडा आहे, फाटक आहे, त्याला कुलूप आहे. संध्याकाळी पाचला बंद होतं. तात्या कठड्याबाहेर उभे राहतात. नवखे लोक येतात, फोटो काढतात. तात्या त्यांना काही सांगत नाहीत. सभेपासून त्यांनी हत्तींचं नाव काढलेलं नाही. गल्लीतही त्यांच्याशी फारसं कुणी बोलत नाही, गाळे आणि गाड्यांची जागा त्यांच्यामुळं गेली असं लोकांना वाटतं. तेसुद्धा आता लिवून घ्या म्हणत नाहीत. सकाळी दात घासताना मला ते जाणवतं.

परवा विजयच्या फ्लॅटची राहून गेलेली वास्तुशांत होती. आम्हाला बोलावणं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी नव्हती. तात्या आले आणि काउंटरपुढच्या स्टुलावर बसले.

"गेलतास?"

"गेलो होतो."

"मजला कितवा?"

"तिसरा."

"लिफ्ट हाय?"

"आहे."

"पाणी चोवीस तास का टाईमावर?"

"ते काही विचारलं नाही, तात्या."

"इचारायचं की रं. गेलायस कशाला मग?" ते चिडले. मग स्वयंपाकघर किती मोठं, रेखाचं मशीन कुठं ठेवलंय, बाल्कनीला जाळी आहे का, असं सगळं विचारत बसले. मी आठवेल तसं सांगितलं. रेखाचं मशीन खिडकीशी आहे म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

प्रश्न संपल्यावर त्यांनी बाहेरच्या रस्त्याकडं तोंड फिरवलं.

"मत त्यालाच दिलं म्या," ते म्हणाले.

"कुणाला?"

"विज्याला."

मी हातातली वायर काउंटरवर ठेवली.

"पंखाच दाबायचा म्हणून गेलतो. प्रचार केलता, शब्द दिलता. आत गेलो, मशीनवर नावं वाचली. त्येचं पुरं नाव हुतं. विजय शंकर. शंकर छापलेलं. आमच्या शंक्याचं नाव आजवर कुठं छापून आलं न्हाय, शेठ. मेला तवा पेपरात आलतं, फौंड्रीत अपघात, एक कामगार ठार. नाव न्हाय. तिथं आपलं बोट ठेवलं, मग हाललंच न्हाय."

"विजयला सांगू का मी?"

"खुळा हायस का? त्येला वाटंल, म्हातारा आता समजूत काढतोय. आणि मॅडमच्या कानावर गेलं तर? त्या बाईनं शब्द पाळलाय." ते स्टुलावरून हळूच उठले. "म्या सगळ्यांस्नी सांगत फिरलो, त्येला मत देऊ नका. त्यांनी ऐकलं. म्याच ऐकलं न्हाय. काय उपेग? माझं मत पडून बी पडला की त्यो."

मी चहा मागवतो म्हणालो. ते नको म्हणाले. दारापर्यंत गेले, तिथं जरा घुटमळले.

"जातो. भात टाकायचा हाय," तात्या म्हणाले. "एका माणसाचा भात अजून जमंना झालाय बघ मला. रोज उरतोय."