मासेमारीत गेलेले एकशे ऐंशी पॉइंट

बायकोने टीव्हीखालचं कपाट पुसलं आणि जाता जाता व्हिडिओ गेमच्या रिमोटवरही फडका मारला. एवढंच झालं.

"अहो, काहीतरी विचारत होतं. मी 'हो' दाबलं."

दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी करणारा तिचा नवरा आंघोळ अर्धवट टाकून तसाच धावत आला. पडद्यावर त्याचा योद्धा हातात गळ घेऊन उभा होता. एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी पॉइंट मासेमारीत गेले होते.

हा योद्धा त्याने आणि दादाने कॉलेजात असताना मिळून घडवला होता. शत्रू मारले की अनुभव वाढायचा, पुरेसा अनुभव झाला की पातळी चढायची आणि पातळीमागे तीन पॉइंट मिळायचे, ते योद्ध्याच्या हव्या त्या कौशल्याला द्यायचे. दादा नोकरीसाठी परदेशी गेला तेव्हा ठरलं होतं, की पॉइंट साठवायचे, पण तलवारीला द्यायचे की जादूला, ते दोघांनी एकत्र बसून ठरवायचं. सात वर्षं धाकट्याने एकाही पॉइंटला हात लावला नव्हता. आणि दादा तीन आठवड्यांत येणार होता.

"परत नाही घेता येत?"

"नाही."

"मग दादांना सांगून टाका ना."

सांगायचं सोडून त्याने नवा योद्धा काढला. हिशेब मांडला. लांडगे मारण्यात अर्थ नव्हता, दलदलीतला एक राक्षस अकरा लांडग्यांच्या बरोबरीचा होता. पण राक्षस मारायला दिवस लागतात. त्याने साहेबांना फोन करून पाठ धरल्याचं सांगितलं.

"मग ये की. एक्स-रे काढून टाकू, मशीन आपलंच आहे," साहेब म्हणाले.

"पोटही बिघडलंय, साहेब."

पोटाचं दुखणं नऊ दिवस पुरलं. दादा यायच्या आदल्या संध्याकाळी एकशे ऐंशी पॉइंट भरले.

दादा आला, चहा झाला. धाकट्याने मोठ्या ऐटीत टीव्ही लावला.

"अरे, हे अजून आहे तुझ्याकडे?" दादा हसला. "तूच टाक कशातही. मला आता काही आठवत नाही. ते राहू दे, तू चार दिवस रजा टाक. आपण दोघंच कुठेतरी जाऊन येऊ. त्यासाठीच आलोय मी."

धाकट्याने रिमोट खाली ठेवला. "रजा उरली नाही, दादा."

"कशात गेली?"

बायको कपबशा उचलून आत निघून गेली.

"बरं नव्हतं. पोट."

"आणि मला एक फोन नाही?" दादाने उठून त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. खरं सांगायची हीच वेळ होती. ती गेली.

दुसऱ्या दिवशी तो कामाला निघाला तेव्हा दादा दारात डबा घेऊन उभा होता.

"पहाटे उठून मीच केलंय. तेल, तिखट काही नाही. सगळं संपव."

दुपारी साहेबांनी बाहेरून चमचमीत जेवण मागवलं होतं. त्याने कोपऱ्यात बसून डबा उघडला आणि शेवटच्या घासापर्यंत संपवला.