वरच्या मॅडम

या, अशा जवळ बसा. येता-जाता उंबऱ्याबाहेरूनच “काकू, बरंय का” म्हणून पळता, ही काय रीत झाली? चहा उकळून राहिलाय, तोवर माझ्या जावेची गोष्ट ऐका.

आमची कुसुम दर पाचव्या दिवशी सकाळी इस्त्रीची साडी नेसून रानात उभी राहते. तिथं कुणी येत नाही. साडेदहाच्या सुमाराला डोक्यावरून उपग्रह जातो, एवढंच. त्याला ती ‘वरच्या मॅडम’ म्हणते. आमच्या भोकरकडच्या रानाचा तो फोटो काढतो, अन् कृषी सहायकानं शिकवल्यापासून फोटो हिच्या मोबाइलात येतो.

तिचा तरी काय दोष? अख्खा जन्म अंगणवाडीत गेला. सुपरवायझर मॅडम येणार म्हटलं की सतरंज्या झटका, पोरांची नाकं पुसा. आता पोरं नाहीत, तर शेळ्या बांधते, बांध झाडते. एकदा आमच्या ह्यांचं धोतर कुंपणावर वाळत होतं, तर पलीकडून ओरडली, “अक्का, दादांचं धोतर काढा, मॅडम बघतील!”

हे बाजेवरून म्हणाले, “धोतर दिसत असंल तर आतला माणूसबी दिसत असंल की. मी कुठं लपू?”

“एवढं बारीक न्हाई दिसत दादा, फोटोतली एक चौकटच तीस-तीस फुटाची असती. पण तपासणी म्हंजे तपासणी!”

अन् आभाळ आलं, फोटो निघाला नाही, की म्हणते, “मॅडमची गाडी फसली.”

मोबाइलावर रान रंगात दिसतं. तरारलेलं पीक हिरवं, मरगळलेलं पिवळं, फारच खंगलेलं लाल. हे बघून कुसुम पहिल्याच दिवशी हरखली. अंगणवाडीत पोरांची वजनं ती ज्या तक्त्यावर टिपायची, त्याचेही रंग तसलेच. तेव्हापासून प्रत्येक रान तिचं लेकरू. बायकांना रस्त्यात अडवून सांगते, “तुमची तूर सुधारली गं, हिरव्यात आली.”

यंदा आम्हा दोघींचा हरभरा बांधाला बांध लागून होता. विहीर सामायिक, पाणी पाळीनं. विहीर पार तळाला गेलेली. हरभऱ्याला घाटे लागत होते अन् पाणी उरलं होतं एकेका पाळीपुरतं. आधी माझी, मग तिची. त्याच्यावर दोन्ही घरांची वर्षाची डाळ.

माझी पाळी आली तशी कुसुम मोबाइल घेऊन हजर. “अक्का, तुमचा बांधाकडचा कोपरा पिवळ्यात गेलाय. आधी तेवढ्यालाच पाणी द्या, विहीर पुरंल.”

मी जाऊन बघितलं. हिरवागार! “ह्यात पिवळं काय हाय? डोळे तपासून घे बाई.”

“तुमच्या डोळ्याला दिसायला आठ दिस लागतील. वरच्या मॅडमला आधी कळतं.”

मला राग आला. माझ्या पाळीत हिनं मला शिकवावं? सगळ्या रानात स्प्रिंकलर फिरवला, पाळी संपवली अन् ठसक्यात घरी आले.

पुढच्या तपासणीला कोपरा लाल. आता तर माझ्याही डोळ्याला दिसलं, पानं पार माना टाकून. माझं पाणी संपलेलं. विहिरीत होतं ते कुसुमच्या पाळीचं. कोणत्या तोंडानं मागू?

दुसऱ्या दिवशी रानात गेले, तर माझ्याच कोपऱ्यात पाणी उडून राहिलं होतं. बांधावर कुसुम बसलेली, हातात टाचणी.

“अगं, पाळी तुझी अन् पाणी माझ्या रानात?”

“तुमचे दोन नोझल कचऱ्यानं तुंबले होते. पाणी इथवर आलंच न्हाई. आता मोकळे केले.”

“अन् तुझा हरभरा?”

“लाल लेकराला आधी खाऊ, अक्का. मग बाकीच्यायला.”

मोबाइल मांडीखाली सारत होती, तो मी ओढून घेतला. तिचं स्वतःचं निम्मं रान पिवळं.

“तुझंबी पिवळ्यात हाय की गं! बोलायचं न्हाई?”

“माझं चालतंय,” ती म्हणाली. “मोठ्या माणसाचं वजन कोण करतं?”

तेव्हा मी तिच्याकडं नीट बघितलं. आमचे दीर जाऊन दोन वर्षं झाली, लेक नोकरीला पुण्यात. पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबून राहिल्या होत्या. एकटीपुरतं काय रांधायचं, म्हणून सकाळची भाकरी संध्याकाळी खायची, हे तिनं तिथं बांधावर सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा. बांधापलीकडची बाई, अन् मला दिसलं नव्हतं.

उरलेल्या पाण्याचे पाइप मी माझ्या हातानं तिच्या रानात नेले. हरभरा दोघींचाही थोडा कमीच निघाला, पण डाळ झाली. अन् चूल आम्ही आता एकच केलीय. तरी ती पानात अर्धीच भाकरी घेते. मी कितीही म्हटलं तरी हात आडवा. मात्र पाहुणं आलं की बोलण्याच्या नादात एक जास्तीची खाऊन जाते, तिलाही कळत नाही.

म्हणून सांगते, येत्या आठवड्यात एखाद्या दुपारी जेवायलाच या. चांगलं दोन तास बसायच्या बेतानं या, लेकरंबाळं घेऊन या.