हूविन बीदीतलं सरकारी नाक

"नाक तिकडे वळव. फुलं घ्यायला आली आहेस, वास घ्यायला नाही."

लग्न होऊन म्हैसूरला आले, त्या आठवड्यात सासूबाईंनी मला दिलेली ही पहिली सूचना. आम्ही हूविन बीदीत, म्हणजे आमच्या फुलांच्या गल्लीत, उभ्या होतो. देवीला वाहायचं फूल आधी आपण हुंगायचं नाही. हुंगलं की ते उष्टं झालं. गल्लीभर मल्लिगेचे, म्हणजे मोगऱ्याचे, ढीग, अबोली, मरवा, ओल्या केळीच्या पानांत गुंडाळलेली सेवंती, आणि त्यांच्यामधून श्वास आवरून चाललेल्या बायका. इतका सुवास आणि इतकी संयमी नाकं एका ठिकाणी मी पुन्हा कुठे पाहिली नाहीत.

आमची फूलवाली निंगम्मा. देवळाच्या भिंतीला पाठ लावून ती बसे. तिच्या आधी तिची आई त्याच दगडावर बसे. माळ मोजायची ती स्वतःच्या हाताने. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ, आणि वर थोडा वर्ताळा. एखादी वर्ताळ्यावरही हुज्जत घालू लागली, तर निंगम्मा म्हणे, "हा देवीचा आहे बाई, तुमचा हिशेब मोळावर संपला."

अशा रीतीने बाजार पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालला असल्यामुळे त्याचं संवर्धन करणं भाग पडलं.

आमच्या इमारतीतले निवृत्त इंजिनियर नागभूषण यांनी त्यासाठी समिती काढली. पहिली सभा खालच्या हॉलमध्ये झाली. सगळ्यांना बाजार आठवत होता. आमच्या मजल्यावरच्या राजलक्ष्मींना आपली वेणी आठवली, नागभूषणांना आईची परडी आठवली, आणि ते बोलता बोलता थांबून चष्मा पुसू लागले. टेबलावरचे प्लास्टिकचे गुलाब सभेसाठी मुद्दाम धुऊन ठेवले होते. "हल्ली तिकडे जातं कोण?" असं मी विचारलं. माझा आवाज मुळातच लहान. इतिवृत्तात नोंद झाली की वेदम्मांनी, म्हणजे मी, मौन राखून भावना व्यक्त केल्या.

बाजाराला वारसा दर्जा द्यावा, अशी मागणी समितीने केली. महापालिका मागण्या मान्य करत नाही, असा आमचा अनुभव होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तिने मान्य केली.

विशेष अधिकारी म्हणून पुट्टण्णय्या आले. गल्लीत खुर्ची टाकून त्यांनी फूलवाल्यांना समजावलं, "आजपासून हा 'सुगंधी वारसा मार्ग' आहे. इथल्या सुगंधाची हमी महापालिका घेणार."

निंगम्मा माळ गुंफता गुंफता म्हणाली, "सार, हा वास मल्लिगेचा आहे. महापालिकेचा वास आम्हाला ठाऊक आहे. तो पावसाळ्यात येतो."

बायका पदरात तोंड लपवून हसल्या. पुट्टण्णय्यांनी ही सूचना स्वागतार्ह असल्याचं नमूद करून घेतलं.

हमी द्यायची तर तपासणी हवी, आणि तपासणी म्हटली की निरीक्षक हवा. सुगंध निरीक्षकाचं पद निर्माण झालं. त्यावर गटार विभागातून मादेश नावाच्या मध्यमवयीन गृहस्थाची प्रतिनियुक्ती झाली, कारण वासाचा पूर्वानुभव असलेला दुसरा विभाग महापालिकेत नव्हता.

मादेश कामाचा माणूस. पहाटे यायचा, प्रत्येक टोपलीत कानापर्यंत चेहरा घालायचा, सावकाश श्वास ओढायचा आणि टोपलीवर हिरवा शिक्का मारायचा: 'हुंगून तपासले.'

पहिल्याच दिवशी एका वृद्ध बाईंनी तो शिक्का वाचला. "अय्यो! हुंगलंत?"

"हो अम्मा. पूर्ण हुंगलं."

"सगळं?"

"एक टोपली सोडलेली नाही," मादेश अभिमानाने म्हणाला. "लोकांचा विश्वास महत्त्वाचा."

दुपारपर्यंत गल्ली रिकामी झाली. न हुंगलेलं फूल विकायला बंदी, आणि हुंगलेलं फूल घ्यायला गिऱ्हाईक नाही, अशी शिस्त बाजाराला प्रथमच लागली.

निंगम्माने मात्र आपल्या टोपलीवर ओलं फडकं घट्ट बांधून ठेवलं.

"आजी, फडकं काढा."

"देवीच्या आधी तुम्ही?"

"नियम आहे."

"मग देवीलाच निरीक्षक नेमा. तिला अनुभव तुमच्यापेक्षा जास्त आहे."

मादेशने हात जोडले, आणि मग नाइलाजाने नोटीस दिली. श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या शुक्रवारपर्यंत टोपली प्रमाणित झाली नाही तर निंगम्माची जागा रद्द. आमच्याकडे त्या शुक्रवारी खपतात तितकी फुलं वर्षभरात एरवी कधी खपत नाहीत. त्या एका दिवसावर निंगम्माचं घर पुढचे कितीतरी महिने चाले, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

समिती पुट्टण्णय्यांना भेटली. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. ते खरंच सज्जन आहेत. म्हणाले, "नाक मागे घेता येणार नाही. पद मंजूर आहे. नाकातून वास तेवढा वगळता आला तर बघा."

योगायोगाने त्याच आठवड्यात मादेशला सर्दी झाली. आमच्या देवळाचे पुजारी शेषाद्री भट्टर त्यावर बराच वेळ डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "नाक चोंदलेलं असेल तर ते नाक नव्हे, नुसता चेहऱ्याचा भाग. दोष लागत नाही." लगोलग परिपत्रक निघालं. निरीक्षकाने फुले हुंगावीत. मात्र त्यास वास येऊ नये. निरीक्षकास सर्दी असल्याचा डॉक्टरांचा दाखला दररोज दर्शनी भागात लावावा.

दाखला लागला आणि गल्ली पुन्हा भरली. लोक आधी दाखला वाचत, मग फुलं घेत. काही जण खात्री म्हणून मादेश शिंकेपर्यंत थांबत. निंगम्मानेही फडकं सोडलं. "शिंकतोय तोवर माझी हरकत नाही," ती म्हणाली.

अडचण एवढीच झाली की श्रावण जवळ येत गेला आणि मादेशला बरं वाटू लागलं.

समितीने तातडीची सभा घेतली. त्याच संध्याकाळी राजलक्ष्मी मादेशसाठी थंड दही घेऊन गेल्या. नागभूषणांनी त्याच्या बसायच्या जागी स्वतःच्या घरचा पंखा आणून लावला. आइस्क्रीमची पाळी लावण्यात आली. तरी सर्दी हटतच चालली, तेव्हा चौकशीत असं आढळलं की त्याची बायको रोज रात्री त्याला मिरीचं सारू पाजते. शिष्टमंडळ तिच्या दारी गेलं.

"ताई, देवकार्य आहे. शुक्रवारपर्यंत तेवढं सारू थांबवा."

"का? तुमची देवी प्रसन्न व्हावी म्हणून माझा नवरा आजारी पाडू?" तिने विचारलं. "तुमच्या यजमानांना गच्चीवर भिजवा की. त्यांना नेमा."

नागभूषणांच्या पत्नीने हा पर्याय विचारार्थ ठेवला. नागभूषणांनी तो फेटाळला.

मला वारांचे उपास असतात, संध्याकाळचं नामस्मरण असतं, श्रावणात तर रोजचं काही ना काही असतंच. पण दुसऱ्याला सर्दी व्हावी म्हणून करायचं व्रत मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मादेशच एकदा माझ्याजवळ हळूच म्हणाला, "अम्मा, माझी बायकोही हीच पूजा करते. या नोकरीपासून तिने माझ्या हातचं फूल घेणं बंद केलंय."

त्या शुक्रवारला नऊ दिवस उरले असताना, बुधवारी, डॉक्टरांनी त्याला ठणठणीत घोषित केलं.

तेव्हा पुट्टण्णय्यांनी प्रश्न मुळातून सोडवला. सुगंधी वारसा मार्गावरील सर्व वाद फुलांमुळे उद्भवत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं. फुलांचा वास रोज सारखा नसतो, दुपारी उतरतो, शिवाय कचरा होतो. म्हणून गल्लीतून फुलं काढण्यात आली. दिव्यांच्या खांबांवर फवारे बसवले. त्यांतून ठरावीक वेळाने मल्लिगेचं अत्तर उडतं, आणि ते कारखान्यातच तपासलेलं असल्यामुळे इथे कुणाला हुंगावं लागत नाही. मादेश सन्मानाने गटार विभागात परत गेला. फूलवाल्यांना तात्पुरती जागा मिळाली रिंगरोडला, टायरच्या दुकानांपलीकडे. निंगम्माच्या दगडावर फायबरची एक फूलवाली बसवली. चेहऱ्यावर हसू, हातात माळ, कोपरापासून बोटांपर्यंत ताणलेली.

वरमहालक्ष्मीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, उद्घाटन झालं. समितीचे डोळे भरून आले. अगदी आपल्या लहानपणीचा बाजार, असं सगळे म्हणाले. गर्दी तेवढी नव्हती, आणि ते बरंच होतं. एकेक जण पुतळ्याशेजारी उभं राहून फोटो काढत होता. निंगम्माही आली होती. ती आपली जागा बघायला जरा पुढे सरकली, तर रखवालदार म्हणाला, "आजी, बाजूला व्हा. फोटोत येताय."

"माझीच जागा आहे ती."

"म्हणूनच तर तुमचा पुतळा बसवलाय. आता आणखी काय पाहिजे?"

निंगम्मा बाजूला झाली. मग आमच्याकडे येऊन म्हणाली, "उद्याचा माल उचलू का नको, तेच कळेना झालंय. तिकडे येतं कोण? उचलला आणि कुणी आलं नाही, तर दुपारी सगळा उकिरड्यावर. तुम्ही सांगा, उचलू?"

"उचला म्हणजे काय! बिनधास्त उचला," नागभूषण म्हणाले. "तुमच्या फुलांशिवाय आमची वरमहालक्ष्मी झाली आहे का कधी?"

"आम्ही सगळ्याजणी येणार," राजलक्ष्मींनी तिचा हात धरून सांगितलं.

निंगम्माने माझ्याकडे पाहिलं. "अम्मा, तुम्ही?"

"येते," मी म्हटलं. या वेळी ते ऐकू गेलं असावं, कारण तिने मान हलवली आणि माल उचलायला गेली.

शुक्रवारी पहाटे स्नान करून मी दार उघडलं. आमच्या मजल्यावर दारोदारी एकसारखे पारदर्शक डबे ठेवलेले होते. आत यंत्राने गुंफलेली मल्लिगे, वर चिठ्ठी: 'मानवी नाकाचा स्पर्श नाही.' नागभूषणांच्या दाराशी एक, राजलक्ष्मींच्या दाराशी दोन. आमच्याही दाराशी एक होता, सुनेने मागवलेला. फोनवर समितीच्या गटात नागभूषणांनी कालचा पुतळ्यासोबतचा फोटो टाकला होता, 'आपला बाजार, आपली संस्कृती', आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती.

समितीचं सदस्यत्व अजून खुलं आहे. वर्गणी नाही, सभेला यावं लागत नाही, बाजारात तर मुळीच जावं लागत नाही. जुना बाजार आठवून गळा दाटून यावा, एवढी एकच अट. इथपर्यंत वाचताना ज्यांचा दाटला असेल, त्यांनी आपलं नाव यादीत आहे असं समजावं.

"अत्ते, एवढ्या पहाटे कुठे?" सुनेने आतून विचारलं. "फुलं आली आहेत ना!"

"येते जाऊन," मी म्हटलं. रिंगरोडची पहिली बस कुठून सुटते, ते आदल्या संध्याकाळी विचारून ठेवलं होतं. खुंटीवरची कापडी पिशवी घेतली. लिफ्टचा आवाज फार होतो, म्हणून जिन्याने उतरले.