न मारणाऱ्या नवऱ्याविषयीचा अहवाल

संसार मोडायला दोन माणसं पुरतात, तो मोडू न द्यायला पाच लागतात. आमच्या मार्गिलान शहरातल्या मोहल्ल्यात ती पाच माणसं म्हणजे समेट समिती, आणि मी तिचा सचिव. आमच्या पत्राशिवाय काडीमोडाचा अर्ज पुढे सरकत नाही. गेल्या वर्षी सदतीस अर्ज आले, छत्तीस समेट झाले. (उरलेल्या अर्जातला नवरा मध्येच वारला. तोही समेटात धरावा असं माझं मत होतं.)

त्यानंतर मुहय्योचा अर्ज आला. ही रेशमाच्या मागावर काम करणारी, लग्नाला सात वर्षं. नवरा ओदिलजान तिला नावाने हाक मारत नाही, "ए" म्हणतो. चारचौघांत ती काही बोलली की म्हणतो, "हिचं मनावर घेऊ नका, हिच्या डोक्यात भुसा आहे." ती आईशी फोनवर बोलत असली की शेजारी बसून राहतो. आणि रोज सकाळी तिचा चहा काठोकाठ ओततो. (आमच्याकडे मान द्यायचा तर अर्धाच प्याला ओततात. काठोकाठ म्हणजे, आता निघा.)

आमच्या छापील नमुन्यात रकाने चार: मारहाण, दारू, जुगार, दुसरी बाई. चारही ठिकाणी "नाही". इतका स्वच्छ नवरा मी उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता.

"मारतो का गं?" अध्यक्ष हमराकुल-आकांनी विचारलं. (आका म्हणजे थोरला भाऊ; आमच्याकडे सगळ्या वडीलधाऱ्यांना असंच म्हणतात.)

"नाही, आका."

"मग झालं तर!"

"पण मी त्या घरात आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय."

"आहेस की! ही काय समोर बसलीयेस."

अर्जदार हयात असल्याची खात्री केली, अशी नोंद मी घेतली. चहाचं ऐकल्यावर मात्र खोलीत क्षणभर कुणी कुणाकडे बघेना. "पती हाताने चहा देतो, सढळ हाताने देतो," असं शेवटी लिहिलं.

तिसऱ्या बैठकीला मुहय्यो प्रत्येक गोष्टीला "हो, आका" म्हणू लागली. अर्जदाराच्या स्वभावात सुधारणा, असं मी लिहीत होतो. तेवढ्यात साओदत-आपा बोलल्या. समितीतल्या या एकट्या बाई, तीस वर्षं दाईचं काम केलेल्या.

"अहो, मागच्या खेपेला ही भांडत होती. आज नुसती मान हलवतेय. मला हिच्यासाठी भीती वाटते." मग त्या ओदिलजानकडे वळल्या. "बाळा, बायकोचं नाव सांग बघू."

ओदिलजान हसला. "आपा, तुमच्या कागदावर असेलच की."

आपांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं, मुहय्योच्या अर्जावर सही ठोकली आणि त्या निघून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत. अर्ज पुढे जायला सह्या तीन लागतात, एकच झाली. मुहय्योला संसार सावरायला आणखी सहा महिने दिले. ती "हो, आका" म्हणाली आणि नवऱ्याच्या चार पावलं मागून चालू लागली. मला फार वाईट वाटलं. (ही नोंद इतिवृत्तात नाही.)

तेव्हा सदर समितीत एक जागा रिकामी आहे. शिक्षणाची अट नाही. हे वाचताना "पण मारत तर नाही ना" असं ज्यांच्या मनात एकदा तरी येऊन गेलं, त्यांनी वेगळा अर्ज करू नये. त्यांची निवड झालेली आहे.