नऊ कानांची हजेरी

मोठे साहेब, गुन्हा तुमचा आहे. माणूस कामावर आला की नाही हे यंत्राने त्याच्या तोंडावरून ठरवायचं, ही अक्कल तुमची. तोंड लपवायची पाळी मात्र आली आवक-जावकच्या कारकुनावर.

कारकुनाचा मेहुणा सिनेमात रंगभूषा करतो. नवा सिनेमा विज्ञानाचा आणि भयंकर: प्रयोग फसतो आणि शास्त्रज्ञाच्या तोंडावर कान उगवत जातात. रविवारी मेहुण्याने बहिणीच्या नवऱ्यालाच खुर्चीत बसवून रबरी कान चिकटवून पाहिले. जन्माचे दोन धरून नऊ भरले.

"काय शोभताय, दाजी!"

"शोभलो. आता काढ."

मेहुण्याने डबे उलटेपालटे केले. "डिंक नवा आहे. सोडवायचं औषध उद्या संध्याकाळी येईल."

"मग ओढून काढ!"

"गालही येईल हातात."

सोमवार हा यंत्रात तोंड नोंदवायचा शेवटचा दिवस. नोंद नाही, तर हजेरी नाही. बायको म्हणाली, "माझ्या भावाला बोल लावू नका. मफलर गुंडाळा नि निघा."

यंत्रवाल्याने पडद्यावरून मान वर केली नाही. "मफलर काढा, काका."

काकांनी काढला. मागची रांग दोन पावलं मागे सरली. लाजेने लाल झाले ते जन्माचे दोन. बाकीचे सात मख्ख.

"हलू नका. झाली नोंद. पुढचे!"

"एवढे कान," हेडक्लार्कबाई म्हणाल्या, "आणि हाक एकाला ऐकू येत नाही!"

मंगळवारी कारकून घोटून दाढी करून, स्वच्छ तोंडाने यंत्रापुढे उभा राहिला. 'अनोळखी व्यक्ती.' पुन्हा राहिला. 'अनोळखी व्यक्ती.'

"तोंड बदलायचं तर मोठ्या साहेबांची मंजुरी लागते," यंत्रवाला म्हणाला.

"अहो, बदललंय कुठे? हेच खरं आहे!"

"यंत्राला तसं वाटत नाही, काका."

तेव्हापासून मेहुणा रोज सकाळी सात कान नेमक्या त्याच जागी चिकटवतो, संध्याकाळी सोडवतो. शेजारी खिडक्या लावून घेतात. काल मुलगी खाली बघत म्हणाली, "बाबा, शाळेच्या सभेला आई येऊ दे." तो "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

आणि सोमवारी मेहुणा कान घेऊन बाहेरगावी शूटिंगला चाललाय. म्हणजे सोमवारपासून हा कारकून तुमच्या हिशेबी जगातच नाही.

साहेब, तो तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलाय. त्याला त्याचंच तोंड परत हवंय. मिळेल की नाही, एवढं सांगा. तुम्हाला ओरडावंही लागणार नाही; नऊच्या नऊ कान दाराकडे लावून बसलाय.