ब्रेक दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे!

सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. मी ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात नोकरी करतो, मला गाडी चालवता येत नाही, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही! दवाखान्यातल्या कारकुनाला कुणी ऑपरेशन करायला लावतं का? नाही ना? मग!

आमच्या मॅडमना मात्र हा मुद्दा पटत नसे. मॅडम म्हणजे स्कूलच्या मालकीण. झालं असं, की एक बाई मुलीचं नाव घालायला आल्या आणि त्यांनी सहज विचारलं, "तुम्हीही इथंच शिकलात का हो गाडी?"

मी प्रामाणिक माणूस. म्हटलं, "छे! मी बसनं येतो."

बाई मुलीचा हात धरून आल्या पावली परत. आतल्या खोलीतून मॅडम बाहेर आल्या. "उद्यापासून तुम्हीही शिकायचं. आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाला गाडी आलीच पाहिजे."

"जमणार नाही!" मी म्हटलं. पन्नाशीच्या माणसानं भर चौकात इंजिन बंद पाडून अनोळखी लोकांच्या शिव्या खायच्या? मला शिव्या खायच्याच असतील तर मी घरी बसून खाईन! तिथं निदान पंखा आहे.

"त्यापेक्षा," मी छाती पुढे काढली, "मी पार्किंगचा गेम बनवतो! शिकाऊ मंडळी आधी कॉम्प्युटरवर ठोकाठोकी करतील, आपल्या गाड्या वाचतील. गेम बनवायची सॉफ्टवेअरं हल्ली फुकट मिळतात."

मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जुन्या गाडीचे टायर बघतात तसं. "एक महिना देते. गेम चालला तर तुम्हाला माफी. नाही चालला तर मुकाट्यानं स्टिअरिंगवर बसायचं."

"चालणारच!" कॉलेजात असताना मी कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. पडद्यावर स्वतःचं नाव दहा वेळा उमटवणारा प्रोग्रॅम मी एकट्यानं लिहिला होता. नाव चुकलं होतं, पण दहाही वेळा अगदी एकसारखं!

आता फुकट वस्तूंची एक गंमत असते. विकतची वस्तू आपला खिसाच निवडतो. फुकटातली निवडायला डोकं लागतं. आणि डोकी आमच्या घरात गरजेपेक्षा जास्त.

पहिलं डोकं मेहुण्याचं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करतो. "दाजी, घ्यायचं तर मोठं सॉफ्टवेअर घ्या! मोठमोठ्या कंपन्या हेच वापरतात." घेतलं. सुरू केल्यावर कॉम्प्युटरचा पंखा असा काही घोंघावला, की बायको मिक्सर बंद करायला स्वयंपाकघरात धावली. या सॉफ्टवेअरचं नाव मी ठेवलं हत्ती. हत्तीत रस्ता मात्र असा देखणा झाला, की त्यावर झोपावंसं वाटे. पण त्या रस्त्यावर गाडी ठेवली, की कॉम्प्युटरची शुद्ध हरपायची.

दुसरं डोकं माझ्या भाचीचं. ती इंजिनिअरिंगला आहे. "मामा, हत्ती कशाला पोसतोस? हे बघ, एवढंसं आहे, पेनड्राइव्हवर मावतं. आणि कायमचं फुकट!" ही चिमणी. चिमणीत गाडी झाली, पळालीही. पण इथं सगळा कोड स्वतः लिहायचा. मी ब्रेकचा कोड लिहिला, तेव्हा गाडी दुप्पट वेगानं पळाली.

तिसरं मी स्वतः शोधलं. त्यात कोड लिहायचाच नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत बसवायचे. आठ वर्षांवरील मुलांसाठी, असं लिहिलं होतं; म्हणजे मी पात्र होतो. ठोकळ्यांत ब्रेक पहिल्या फटक्यात लागला! पण फुकटात वस्तू मोजक्याच मिळायच्या. गाडी आणि झाडं ठेवली, तर रस्त्याला जागा उरेना.

"त्या चिमणीत कुणी कामाचा गेम केलाय का?" मेहुणा भाचीला म्हणाला. "आम्ही व्यवसायातली माणसं आहोत."

"कालच माझा माऊस उलटा धरून बंद आहे म्हणत होतात," भाची म्हणाली.

"अहो, कुठलं तरी एक धरा आणि मोकळे व्हा!" बायको वैतागली.

"कुठलं तरी? मी पूर्ण विचार केल्याशिवाय काही निवडत नाही!"

"लग्नाला मात्र पाच मिनिटांत हो म्हणालात."

"तेव्हा पर्याय कुठे होते?"

पुढचे दोन दिवस मी चहा स्वतःच करून प्यायलो.

महिना संपला. हत्तीत रस्ता होता, गाडी नव्हती. चिमणीत गाडी होती, ब्रेक नव्हता. ठोकळ्यांत ब्रेक होता, रस्ता नव्हता. दुसरा कुणी असता तर रजा टाकून घरी बसला असता. मी कॉम्प्युटर उचलून ऑफिसात नेला आणि जाहीर केलं, "आज तिन्हींचं तौलनिक सादरीकरण होईल!"

बघायला मॅडम आणि उस्ताद. उस्ताद आमचे सर्वांत जुने शिक्षक. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि उस्तादांचं उभं आयुष्य त्या ब्रेकवर गेलेलं.

मी हत्ती उघडला. "हा रस्ता."

"छान आहे. गाडी?" मॅडमनी विचारलं.

"गाडीची कल्पना करायची."

मॅडमचा चेहरा पाहून मी घाईनं चिमणी उघडली. उस्ताद माझ्या डावीकडे येऊन बसले, सवयीनं. गाडी निघाली. आधी सावकाश, मग जोरात, मग देवाच्या भरवशावर. समोर भिंत.

"ब्रेक," उस्ताद शांतपणे म्हणाले.

"हो, हो."

"अहो, ब्रेक!"

"ब्रेक दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे!" मी ओरडलो.

"ब्रेऽऽक!" आणि उस्तादांनी उजवा पाय सगळी ताकद लावून टेबलाखाली दाबला. गाडीत तिथं ब्रेक असतो. माझ्या टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा होता.

धाड! डबा आडवा, पडदा काळा. उस्ताद दोन्ही हातांनी खुर्ची धरून, डोळे मिटून बसलेले.

पण मी हार मानणारा नव्हे! "बघितलंत, मॅडम? खुद्द उस्तादांनी ब्रेक मारला! याहून खरा गेम कुठे मिळेल?"

"पण गेम चालला का?"

"चालला! थांबला नाही, एवढंच."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ठीक आहे. तुम्हाला माफी. गाडी शिकायची नाही."

मी जिंकलो होतो! तिथंच नमस्कार करून निघायला हवं होतं.

"नुसती माफी नाही, बंदीच," मॅडम पुढे म्हणाल्या. "माझ्या कुठल्याही स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ते तुमच्याच्यानं होणारं काम नाही. उस्तादांना बायको-मुलं आहेत." उस्तादांनी डोळे न उघडताच मान डोलावली.

बंदी? मला? माझ्याच्यानं काय होईल आणि काय नाही, हे ठरवणाऱ्या या कोण?

"मी शिकणार!" मी टेबलावर मूठ आपटली. "उद्यापासून! बघतोच मला कोण अडवतं!"

"सकाळी सातला या," मॅडम इतक्या पटकन म्हणाल्या, की मला जरा शंकाच आली.

तर सध्या मी गाडी शिकतोय. कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीनं, हे ध्यानात ठेवा! प्रगतीही झपाट्यानं चाललीय. काल तर मी पहिल्याच प्रयत्नात किल्ली योग्य गाडीला लावली.