बिनवासाचं औषध

लाकडाला बुरशी लागली तर काय करावं, हे मला कोणी विचारलं नव्हतं. पण लाकूड टिकाऊ करायच्या कारखान्यात बारा वर्षं कारकुनी केलेला माणूस गप्प कसा बसेल? (औषधांच्या पिंपांवर चिठ्ठ्या मीच चिकटवतो. आत काय आहे, ते चिठ्ठी वाचूनच मला कळतं.)

बाबा सुतार. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. तेव्हापासून रोज सकाळी ते एक डबा घेऊन बसत. हातून झालेल्या प्रत्येक कामातला एकेक तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. नाकाशी धरायचे नि म्हणायचे, "हा सागवान, शाळेची बाकं. हा देवदार, तुझ्या आईची पेटी." आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. देवदार ते लवकर खाली ठेवत नसत.

एकदा मला त्या तुकड्यांवर निळेकाळे डाग दिसले. मी धावत कारखान्यातल्या मिस्त्रींकडे.

"नुसता डाग तो. त्यानं लाकूड कुजत नाही," मिस्त्री म्हणाले. "फार तर बोरॅक्सचं पाणी फिरवा. रंग नाही, वास नाही."

वास नाही, मग बुरशी भिणार कशाला? मी कुंपणाच्या खांबांना लावतात ते डांबरासारखं काळं क्रिओसोट आणलं.

"बाबांना विचारलंत?" बायको म्हणाली.

"सरप्राइज आहे."

"अहो, त्यांना दिसत नाही!"

"म्हणून तर सोपं आहे."

दुपारी बाबांचा डोळा लागल्यावर बत्तीसच्या बत्तीस तुकडे बादलीत बुडवले. संध्याकाळी पुसून परत डब्यात ठेवले.

सकाळी डबा उघडताच बाबांना ठसका लागला. एक तुकडा हुंगला, दुसरा, तिसरा.

"देवदार कुठला रे?"

मी पाहिलं. सगळे सारखेच काळे. "हा... बहुतेक."

"बहुतेक?"

त्यांनी बत्तीसही हुंगले, काही दोनदा. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. मला रडू फुटलं. रडत रडतच सगळं कबूल केलं.

"पण आता शंभर वर्षं कुजणार नाहीत, बाबा!" (हे मी का बोललो, देव जाणे.)

बाबा एकेक तुकडा कानाशी धरून बोटानं ठोकून पाहू लागले. तसंही काही ओळखू येईना. चाचपडता चाचपडता हात माझ्या डोक्यावर आला. तिथंही त्यांनी दोनदा ठोकलं.

"हा ओळखला," ते म्हणाले. "माझ्याच हातचं काम. आतून पोकळ निघालंय, आणि यावर कुठलंच औषध चालत नाही."